कुरजांना ज्वारी, आणि गरुडाला?



मागच्या वेळी खिचिया पापडाचं प्रमाण देते म्हणाले होते. वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या लेखात नक्की. आज दुसरंच लिहायला बसले आहे. आपल्या मंडळाच्या मीटिंगला ज्या नव्हत्या त्यांच्या कानावर गोष्ट अर्धवट गेली आहे. "हिने म्हणे पांजरपोळेचं औषध बंद केलं," असंही कोणीतरी म्हणालं. तसं नाही ते. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

संक्रांत झाली आणि आम्ही ननंदेच्या मुलीचा मायरा घेऊन बिकानेरला गेलो. पुण्याहून जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढे मोटार. सासूबाई बरोबर होत्या, वय शहात्तर, गुडघे दुखतात, पण नातीचं लग्न म्हटल्यावर कोण ऐकतंय! वाटेत फलोदीजवळ खीचनला थांबायचंच, हे त्यांनी नगरहून निघतानाच सांगून ठेवलं होतं. खीचन म्हणजे कुरजांचं गाव. तिथल्या ओसवाल घरांनी पिढ्यान्‌पिढ्या या पक्ष्यांना दाणे घातले आहेत, आणि गावात त्यांच्यासाठी कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे. आम्ही पहाटे एका घराच्या गच्चीवर शालीत गुरफटून बसलो. उजाडायला लागलं आणि आकाशातून आवाज यायला लागला. आधी रांगा दिसल्या, मग थवे, मग मोजणं सोडून दिलं. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढरा तुरा. हजारो कुरजा एका अंगणाएवढ्या जागेत उतरून ज्वारी टिपत होत्या. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. 2025 साली खीचनचं नाव रामसरच्या आंतरराष्ट्रीय पाणथळ जागांच्या यादीत गेलं, तेव्हा पेपरात वाचून आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते मोबाईलवर फिरवलं होतं, मीसुद्धा. सासूबाईंनी सासऱ्यांच्या नावाने ज्वारीचं एक पोतं लिहवलं आणि डोळे पुसले. मलाही छाती भरून आली. आपल्या माणसांनी काही चांगलं केलं की वाटतंच ना.

बिकानेरला पोचलो. लग्नघर, त्याचं काय वर्णन करू! तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका भांडासरच्या देरासरात जाऊन आलो. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ मूलनायक. त्यांचं लांछन क्रौंच. मी सासूबाईंना म्हटलं, बघा, कालच्या कुरजांच्या जातीतलाच की हा. माझं माहेर मंदिरमार्गी आणि सासर स्थानकवासी, त्यामुळे लांछनं माझी पाठ आणि थोकडे त्यांचे पाठ, अशी आमची वाटणी आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर भाचा आला. त्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. "मामीसा, खीचनला पाहुणे बघितलेत ना, चला, दुसरे पाहुणे दाखवतो. त्याच बाजूने आलेत, पण त्यांना कोणी दाणे घालत नाही." सासूबाईही गाडीत बसल्या, घरात गोंगाट फार म्हणून.

त्याने आम्हाला जोडबीडला नेलं. बिकानेर शहराला लागूनच आहे, उंट संशोधन केंद्राच्या बाजूला. शहरातली आणि आसपासच्या गावांतली मेलेली जनावरं, गाई, म्हशी, उंट, तिथे आणून टाकतात. आता ते संरक्षित क्षेत्र आहे. वास गाडीच्या काचा बंद असतानाही आत आला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि माळ काढली. "हे आपल्याला कशाला दाखवतोस रे?" एवढंच म्हणाल्या.

मी खाली उतरले. खेजडी आणि बोराटीची विरळ झाडं, हाडांचे पांढरे ढीग, कुत्र्यांच्या टोळ्या. आणि जमिनीवर, पंगतीला वाढप व्हायची वाट बघत बसावं तसे, मोठेमोठे तपकिरी पक्षी. मला वाटलं घारी असतील. भाचा हसला. घार त्यांच्यापुढे चिमणी दिसेल म्हणाला. ते गरुड होते. पंख पसरले तर सहा-सात फूट भरतात. एक नाही, दोन नाही, दृष्टी जाईल तिथपर्यंत मातीच्या ढेकळांसारखे बसलेले. काही झाडांवर, काही चक्क आमच्यापासून पन्नास पावलांवर.

आपल्याला गरुड म्हटलं की काय आठवतं? चक्रेश्वरी मातेचं वाहन. शांतिनाथांचा यक्ष. सोन्याच्या पंखांचा, हात जोडलेला. हे गरुड धुळीत बसून मेलेल्या उंटाची वाट बघत होते.

भाच्याने दुर्बीण दिली आणि ओळखायचं कसं ते शिकवलं. यांचं नाव स्टेपी गरुड. स्टेपी म्हणजे रशिया, कझाकस्तान, मंगोलियाकडचा अफाट गवताळ माळ. चोचीच्या कडेची पिवळी रेघ डोळ्याच्या पार मागच्या कडेपर्यंत जाते, त्यामुळे तो कायम गालात हसतोय असं वाटतं. आपल्याकडचा, बाराही महिने इथेच राहणारा पिंगट गरुड थोडा लहान, आणि त्याची रेघ डोळ्याच्या मध्यापर्यंतच. लहान वयाच्या स्टेपी गरुडाला पंखाखाली पांढरा पट्टा असतो, पोलक्याच्या बाहीला काठ लावावा तसा. चार-पाच वर्षांत तो जातो आणि अंग गडद एकरंगी होतं.

हा पक्षी घरटं जमिनीवर करतो, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. एवढा मोठा गरुड, पण त्या माळावर झाड नाही, मग एखाद्या उंचवट्यावर नाहीतर खडकावर काटक्या रचायच्या आणि दोन-तीन अंडी घालायची. गवताला आग लागली, नांगर फिरला, गुरं आली, की संपलं. 1954 नंतर रशियाने कझाकस्तानातला लाखो हेक्टर माळ गव्हासाठी नांगरला, तेव्हा यांची किती घरं गेली असतील. तिथे यांचं मुख्य खाणं म्हणजे जमिनीत बिळं करणारी खार, सोस्लिक म्हणतात तिला. माळ गेला की खार गेली, खार गेली की गरुड उपाशी. उरलेल्यांना विजेचे खांब. लाकडी खांबावर बसला तर एक वेळ वाचतो, पण लोखंडी नाहीतर सिमेंटच्या खांबावर बसून एवढे मोठे पंख उघडले आणि तारेला लागले की जागेवर जळतो. मध्य आशियात आणि आपल्या राजस्थानातही. 2015 साली याचं नाव जगाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत गेलं.

एक गंमत सांगते, म्हणजे नुसतं दुःखच नको. रशियातल्या पक्षीतज्ज्ञांनी काही स्टेपी गरुडांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली होती. आपण कुठे आहोत ते यंत्र एसएमएसने कळवतं. त्यातली मिन नावाची मादी 2019 च्या उन्हाळ्यात कझाकस्तानात अशा ठिकाणी राहिली जिथे रेंजच नाही. सगळे मेसेज साठत गेले. मग ती उडाली ती थेट इराणला, आणि तिथे रेंज मिळाल्याबरोबर साठलेले सगळे मेसेज परदेशी दराने एकदम सुटले. एकेकाला 49 रूबल! संशोधकांचं सगळं बजेट संपलं. शेवटी लोकांकडून "गरुडाचा रिचार्ज" म्हणून वर्गणी गोळा केली, आणि मोबाईल कंपनीनेही बिल माफ केलं. आमच्या घरी धाकट्याने गोव्याला जाऊन असंच बिल आणलं होतं, ते आठवून मी तिथे, त्या वासात, हसत होते.

आणि मग भाचा म्हणाला, "मामीसा, इथे एक गोष्ट झाली होती. गिधाडांचं तुम्हाला माहीत असेलच."

मला अर्धवटच माहीत होतं. तुम्हालाही तसंच असेल, म्हणून नीट सांगते. आपल्या लहानपणी गिधाडं किती दिसायची! 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एखादं उरली. लोक म्हणायचे रोग आला. 2004 साली कळलं की रोग नव्हता, औषध होतं. डायक्लोफेनॅक. जनावराला दुखू नये, ताप उतरावा म्हणून देतात ते. इंजेक्शन दिलेली गाय दोन-तीन दिवसांत मेली आणि तिचं मांस गिधाडाने खाल्लं तर त्याचं मूत्रपिंड बंद पडतं. रक्तातलं युरिक आम्ल बाहेर पडत नाही, आणि काळीज, यकृत सगळ्यांवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो. तेही सगळ्या जनावरांत औषध असायला हवं असं नाही. शंभर मेलेल्या जनावरांत एखाद्यात असलं तरी गिधाडं संपायला पुरे, कारण एका जनावरावर पन्नास-पन्नास गिधाडं जेवतात. 2006 साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून 2015 साली त्याही बंद करून एका माणसापुरत्या लहान बाटल्या ठेवल्या.

सगळ्यांना वाटलं होतं की हे विष गिधाडांनाच बाधतं. पण राजस्थानातच जनावरं टाकायच्या जागेवर दोन स्टेपी गरुड मेलेले सापडले, तपासले, तर आत तेच औषध आणि तोच चुना. 2014 साली ते प्रसिद्ध झालं. आणि बंद केलेल्या औषधाच्या जागी जी आली त्यातलं ॲसेक्लोफेनॅक तर गाईच्या पोटात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं. नाव बदललं, विष तेच. ते आणि केटोप्रोफेन ही दोन्ही 2023 साली जनावरांसाठी बंद झाली, पुढे निमेसुलाइडही. चालणारं औषध आहे. मेलोक्सिकॅम. गाईला आराम पडतो आणि पक्ष्याला काही होत नाही.

ॲसेक्लोफेनॅक हे नाव मी कुठेतरी वाचलं होतं. गाडीत बसले तरी आठवेना. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, वासाने डोकं दुखतंय.

घरी परतल्यावर बॅगा सोडायच्या आधी मी फाईल काढली. आपल्या मंडळातल्यांना माहीत आहे, आपला औषध-फंड सहा वर्षं माझ्याकडे आहे. दर घरी महिना शंभर रुपये, पर्युषणात जास्त, आणि त्यातून पांजरपोळेच्या औषधांचं बिल. पांजरपोळ कुठली ते लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. बिलं मी स्वतः तपासते. म्हणजे बेरीज तपासते. वहीत एकच शब्द लिहिते, "औषधे".

ॲसेक्लोफेनॅक अकरा बिलांवर होतं. 2023 च्या आधीची बिलं कायद्याने बरोबर होती, ते मान्य. पण तीन नंतरची होती. सगळ्यांवर खाली माझी सही, आणि त्यातली दोन सासूबाईंच्या वर्षीतपाच्या पारण्याला दिलेल्या पैशांतून.

दुसऱ्या दिवशी गेले. व्यवस्थापक भले माणूस आहेत, त्यांनी कपाट उघडून दाखवलं. चार बाटल्या अजून होत्या. कंपाउंडर म्हणाला, "बंद झालंय होय ताई? दुकानदार देतो, आम्ही आणतो. याने गाय लवकर उठते." मग मी विचारलं, मेलेल्या गाईचं काय करता? मिठासकट पुरायचं असं ठरलेलं आहे, पण मुरमाचा माळ, जेसीबीवाला दोन-दोन दिवस येत नाही, मग मागच्या बाजूला टाकतात. "तिकडे घारी येतात ना ताई मोठ्या, हिवाळ्यात. दोन दिवसांत साफ करतात."

मोठ्या घारी.

मी मागे गेले नाही. धीर झाला नाही. घरी येऊन सासूबाईंना सांगायचं की नाही, यावर दोन दिवस गेले. आमच्या ह्यांचं म्हणणं, त्यांना या वयात कशाला. मला ते पटलं नाही. दान त्यांचं होतं, तर कळायचा हक्कही त्यांचाच. तिसऱ्या दिवशी सामायिक झाल्यावर सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गाईचं दुखणं कमी व्हावं म्हणून दिले गं मी." मी म्हटलं, हो आई, झालंच असेल तिचं कमी. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

आता मीटिंगचं. मी सगळं मांडलं तेव्हा दोन प्रश्न आले आणि दोन्ही खरे होते. पहिला, मेलोक्सिकॅमने गाय तितकी लवकर उठली नाही तर? तिच्या वेदनेचं पाप कोणाला? त्यावर मी नगरच्या एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून गेले होते. त्या म्हणाल्या, सूज आणि दुखणं याला ते चांगलं काम करतं, पण बसलेली गाय नुसत्या वेदनाशामकाने उठत नाही, तिला कॅल्शियम, सलाईन, कूस बदलणं लागतं, आणि पोटात प्लास्टिक असेल तर कोणतंच इंजेक्शन पुरत नाही. कंपाउंडर ज्याला "उठली" म्हणतो ती अनेकदा दोन दिवसांनी पुन्हा बसते. आणि नेमकी तीच गाय औषध अंगात असताना मरते.

दुसरा प्रश्न एका ज्येष्ठ काकूंनी विचारला. "मांस खाणाऱ्या पक्ष्यासाठी आपण का जीव टाकायचा? कबुतरांचं ठीक आहे." खोटं कशाला बोलू, खीचनहून जोडबीडला जाईपर्यंत मीही असाच विचार करत होते. लहानपणी लांछनं पाठ करताना अनंतनाथांचं श्येन आलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, शिकारी पक्षी भगवंतांच्या पायाशी कसा? आई म्हणाली, पोळी लाट. उत्तर तिलाही सुचलं नसावं.

मी काकूंना मेघरथ राजाची आठवण करून दिली. शांतिनाथांचा पूर्वभव. कबूतर मांडीवर येऊन पडलं, मागून ससाणा आला. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती कबुतराच्या बाजूने. पण ससाणा काय म्हणाला? मी भुकेला आहे, मला तू उपाशी मारणार का? आणि राजाने त्याला हाकलून दिलं नाही. त्याची भूक खरी मानली, म्हणून तर तराजू आला आणि स्वतःच्या मांडीचं मांस त्यात पडलं. आमच्या गरुडांना तर तेवढंही नको आहे. ते आपल्या पांजरपोळेमागे कोणाला मारत नाहीत. आपण सांभाळलेली गाय मेल्यावर जेवतात. काकूंना पूर्ण पटलं असं नाही. "बघा बाई, शिकलेल्या तुम्ही," म्हणाल्या, पण हात वर केला.

तर ठरलं ते असं. औषध बंद केलेलं नाही. फंडातून रोख देणं बंद केलं. मेलोक्सिकॅम आणि बाकीची औषधं डॉक्टरीणबाईंच्या यादीप्रमाणे आपण आणून देणार, बिलावर प्रत्येक औषधाचं नाव हवं. जनावराला काय दिलं, कधी दिलं, हे रजिस्टरमध्ये लिहायचं. बंदीतलं काही बाहेरून कोणी टोचून आणलेली गाय असेल आणि मेली, तर ती पुरायचीच, जेसीबीचे पैसे फंड देईल. त्या चार बाटल्या व्यवस्थापकांनी दुकानदाराला परत केल्या. त्याने पुढे त्या कोणाला विकल्या असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, तेव्हाच फोडायला हव्या होत्या. तुमच्या गावी पांजरपोळ किंवा गोशाळा असेल तर एकदा कपाट उघडून बघा, आणि बाटल्या सापडल्या तर परत करू नका.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिली खोकी घेऊन गेले तेव्हा सासूबाई येते म्हणाल्या. मी दुर्बीण घेतली होती, भाच्याने पाठवलेली जुनी. या वेळी मागे गेलो. माळ आता पूर्वीसारखा मोकळा नाही, एका बाजूने प्लॉटचे दगड लागलेत, पण लांब एका बाभळीवर एक बसला होता आणि जमिनीवर दुसरा. झाडावरच्याची रेघ डोळ्याच्या मध्यावर थांबत होती. जमिनीवरच्याची मागपर्यंत गेलेली. सासूबाईंना दुर्बीण धरता येईना, हात कापतो, म्हणून मी मागून धरली.

"हा बिकानेरवाला ना?"

हो, म्हटलं. महिनाभरात निघेल परत.

"आणि काल मेली ती गाय?"

कंपाउंडर म्हणाला, तिला मेलोक्सिकॅमच दिलं होतं, रजिस्टरला आहे. पलीकडे टाकली आहे.

सासूबाईंनी पदर नाकाला लावलेलाच होता. तसाच धरून म्हणाल्या, "मग आपण इथून सरकू या. आपण उभे आहोत म्हणून तो येत नाहीये."